माडाच्या सुरेवर पोसलेला चोरीस-पाव

मसालेदार मांस ठासून भरलेले आतडे पावात घालून उभ्या उभ्या खाण्याची रीत जगाला अमेरिकेतील हॉट डॉगमुळे परिचित झाली असली, तरी या रीतीचे भारतीय रूप गोव्याच्या चोरीस-पावात स्वतंत्रपणे घडले आहे. परभणीसारख्या ज्वारीच्या मुलखात, जेथे भाकरी हेच रोजचे अन्न असून पाव वडा किंवा मिसळीच्या सोबतीने येतो, तेथील वाचकाला हा पदार्थ दूरचा वाटेल. परंतु त्याच्या हातातील पावाचा आणि चोरीस-पावाचा इतिहास काही अंतरापर्यंत एकच आहे.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोव्यातील तिसवाडी जिंकली आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे प्रांत त्यांच्याकडे आले. डुकराचे मांस लसूण व द्राक्षमद्य यांत मुरवून धुरावर सुकवण्याची त्यांची पद्धत येथे जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते, कारण द्राक्षमद्य जहाजाने आणावे लागे आणि पाव फुगवण्यासाठी लागणारे किण्वही हाताशी नव्हते. या दोन्ही अडचणींवर तोडगा निघाला तो माडातून. माडाच्या पोयीतून ठिबकणारा रस, ज्याला गोव्यात सूर आणि कोकणात माडी म्हणतात, काही तासांतच आंबू लागतो. ताज्या सुरेने पोदेर, म्हणजे पाव भाजणारा कारागीर, कणीक फुगवू लागला आणि तीच सूर अधिक आंबवून केलेला शिर्का मांस टिकवू लागला. म्हणूनच चोरीस-पावाला पोर्तुगीज पदार्थाची नक्कल म्हणणे अपुरे आहे. त्यातील पाव आणि मांस या दोहोंना एकत्र बांधणारे द्रव्य पूर्णतः या किनाऱ्याचे आहे.

चोरीस, म्हणजे मसालेदार मांस भरलेले आतडे, करण्याची कृती पावसाळ्याच्या भीतीतून आकाराला आली. चरबीसह कापलेल्या मांसाच्या फोडींना मीठ लावून त्या दडपणाखाली ठेवतात, त्यांतील पाणी निथळू देतात, मग सुकी लाल मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी व हळद शिर्क्यात वाटून केलेल्या मसाल्यात त्या मुरवतात; बऱ्याच घरांत त्यात थोडी फेणीही पडते. पुढे हे मांस स्वच्छ केलेल्या आतड्यांत भरून ठरावीक अंतरावर दोऱ्याने आवळतात आणि जपमाळेसारख्या दिसणाऱ्या या माळा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात सुकवतात. पावसात ताजी मासळी दुर्मिळ होत असल्याने सुकी मासळी, मिरची आणि मीठ यांच्याबरोबर चोरीसही साठवला जाई. या बेगमीला पुरुमेंत म्हणतात, आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे फेस्त आजही पुरुमेंताचे फेस्त म्हणून ओळखले जाते.

खाण्याची तऱ्हाही हॉट डॉगहून निराळी आहे. तेथे सॉसेज अखंड राहते, तर येथे आतडे उकलून आतील मांस कांद्याबरोबर त्याच्याच चरबीत शिजवतात आणि तो लालभडक रस पावात मुरू देतात. कडक कवचाचा उंडो यासाठी विशेष पसंत केला जातो.

या चवीला इतिहासाची एक गडद बाजू आहे, ती वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड सोडल्यास, गोव्यात धर्मन्यायालय चालू होते. धर्मांतरितांच्या चालीरीतींवर, अन्नावरही, त्याची करडी नजर असल्याने डुकराचे मांस खाणे ही ख्रिस्ती असल्याची ठळक खूण बनली. चोरीस त्यामुळे दीर्घकाळ एका समाजाच्या घरातच राहिला. पावाचे तसे झाले नाही. गोवेकर पोदेरांबरोबर तो मुंबईला गेला, गिरणगावात रुळला, आणि १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी त्यात बटाटावडा घालून विकण्यास सुरुवात केल्याचे मानले जाते, तेव्हापासून तो घाटावर आणि मराठवाड्यातही पोचला.

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसाच्या माळा टांगलेल्या दिसतात आणि संध्याकाळच्या गाड्यांवर चोरीस-पाव सर्व धर्मांचे लोक खातात. मात्र माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी होत गेल्याने बहुतेक भट्ट्यांत आता कारखान्यातील यीस्ट वापरले जाते.