गुंबेल यांचे गणित आणि हायडेलबर्गची प्रतिष्ठा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या आपल्याकडील विद्यार्थ्याला गुंबेल हे नाव अपरिचित नसते. एखाद्या नदीला शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर किती मोठा असेल, याचा अंदाज धरणाचा सांडवा किंवा पूल बांधण्यापूर्वी बांधावा लागतो. त्यासाठी दरवर्षीच्या कमाल प्रवाहाच्या नोंदी घेऊन गणिताची जी एक रीत वापरतात तिला ‘गुंबेल पद्धत’ म्हणतात. सूत्र पाठ होते, परीक्षा सरते, आणि हे गुंबेल कोण असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. एमिल युलियस गुंबेल (१८९१-१९६६) यांना हायडेलबर्ग विद्यापीठाने शिकवण्याचा अधिकार काढून घेऊन बाहेर घालवले होते. ही गोष्ट १९३२ सालच्या ऑगस्टमधली. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा अजून पाच-सहा महिने अवकाश होता. विद्यास्वातंत्र्याचा इतिहास सांगताना आपण नेहमी १९३३ पासून सुरुवात करतो, आणि त्यामुळे त्यातला सर्वांत अडचणीचा भाग वगळला जातो.

तो भाग कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा येना येथे पराभव केला, पाठोपाठ हालेचे विद्यापीठ बंद केले, आणि तहात ते प्रशियाच्या हातून गेले. या अवमानातून बर्लिनमध्ये नवे विद्यापीठ काढण्याची कल्पना निघाली आणि १८१० मध्ये ते सुरू झाले. त्याची आखणी करणारे विल्हेल्म फॉन हुंबोल्ट शिक्षणखात्यात जेमतेम दीड वर्ष होते. ज्ञान ही तयार होऊन कपाटात ठेवलेली वस्तू नाही, ते सतत शोधायचे असते, आणि म्हणून विद्यापीठातला अध्यापक विद्यार्थ्यासाठी नसून दोघेही विद्येसाठी आहेत, हे त्यांचे म्हणणे पुढे समारंभांतून उद्धृत होत राहिले. विद्यापीठाच्या खर्चासाठी राज्याने कायमच्या जमिनी तोडून द्याव्यात, म्हणजे दरवर्षी सरकारपुढे हात पसरावा लागणार नाही, असाही त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

परंतु त्याच हुंबोल्टनी प्राध्यापकांच्या नेमणुका मात्र राज्याच्याच हाती राहाव्यात असे सुचवले. आजच्या वाचकाला हे विसंगत वाटेल. त्यामागचा विचार त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या टिपणात आहे. स्वातंत्र्याला धोका केवळ राज्याकडून नसतो, खुद्द संस्थांकडूनही असतो, असे ते तिथे म्हणतात; संस्था सुरू झाली की तिच्यात एक विशिष्ट वृत्ती मुरते आणि मग दुसरी वृत्ती डोके वर काढू लागली की तिचा श्वास कोंडावा असे त्या संस्थेला वाटू लागते. विद्वानांच्या मंडळांविषयी हुंबोल्टना फारसे भ्रम नव्हते. हे टिपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दप्तरात पडून राहिले. त्या संपूर्ण शतकात जर्मन विद्यापीठांनी ज्याला ‘हुंबोल्टचा आदर्श’ म्हटले, त्यात हा इशारा नव्हता.

त्या शतकाचा अनुभवही असा होता की धोका एकाच बाजूने दिसावा. १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबू यांचा खून केला. त्यानंतरच्या कार्ल्सबाड फर्मानांनी प्रत्येक विद्यापीठावर सरकारी प्रतिनिधी बसवला. खुन्याच्या आईला सांत्वनाचे पत्र लिहिले एवढ्यावरून बर्लिनचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक डी वेट्टे यांना घरी जावे लागले. १८३७ मध्ये हानोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा ग्यॉटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी, आम्ही त्या घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आहे, ती राजाच्या मर्जीने सुटत नाही, असे लेखी कळवले. सातही जण बडतर्फ झाले आणि याकोब ग्रिम, डालमान व गेर्व्हिनुस या तिघांना तीन दिवसांत राज्याबाहेर जावे लागले. (गाउस यांनी सही केली नाही, हे त्यांचे चरित्रकार अडखळतच सांगतात. सातांपैकी एवाल्ड हे त्यांचे जावई होते, आणि व्हेबर सहकारी.) १८५० च्या प्रशियन राज्यघटनेत विद्या व तिचे अध्यापन मुक्त असल्याचे कलम आले. पण कलम आले म्हणून सरकारची नजर हटली नाही.

या पर्वातला शेवटचा मोठा प्रसंग लेओ आरोन्स यांचा. पाऱ्याच्या वाफेचा दिवा करणारे हे पदार्थवैज्ञानिक बर्लिनला ‘प्रीवाटडोट्सेंट’ होते, म्हणजे शिकवण्याची पात्रता मिळवलेले पण सरकारी पगार नसलेले, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर शिकवणारे व्याख्याते. ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासद होते. त्यांना काढा असा सरकारचा आग्रह होता. तत्त्वज्ञान विद्याशाखेने (तेव्हा विज्ञानही तिच्यातच मोडे) नकार दिला. तेव्हा १८९८ मध्ये खास कायदा करून अशा बिनपगारी व्याख्यात्यांनाही सरकारी शिस्तीखाली आणण्यात आले, आणि १९०० साली आरोन्स यांना काढले गेले. विद्याशाखेने शेवटपर्यंत आपल्या माणसाची बाजू सोडली नाही, हे तिच्या श्रेयाचे. तिला आरोन्स यांच्या राजकारणाविषयी प्रेम होते असे मात्र नाही. आपल्या अंगणात कोणी यावे हे आपण ठरवू, सरकारने नव्हे, एवढाच तिचा मुद्दा होता.

या ‘आपण ठरवू’ मध्ये काय दडले आहे ते मॅक्स व्हेबर यांनी ओळखले. १९०८ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी जर्मन अध्यापनस्वातंत्र्याच्या आधी ‘तथाकथित’ हा शब्द मुद्दाम घातला. रोबर्ट मिशेल्स यांच्यासारख्या समाजवादी अभ्यासकाला जर्मनीत व्याख्याता होण्याची वाट बंद होती आणि त्यांना इटलीत तूरिनला जावे लागले होते. दाराशीच मते तपासून आत घ्यायचे आणि आत आलेल्यांना पूर्ण स्वातंत्र्य आहे म्हणायचे, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही, हा व्हेबर यांच्या युक्तिवादाचा गाभा. ते स्वतः हायडेलबर्गचे होते.

आता गुंबेल. म्युनिकच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले, गणित व संख्याशास्त्र शिकलेले, १९१४ मध्ये स्वेच्छेने सैन्यात गेलेले आणि लवकरच युद्धविरोधी झालेले. १९१९ च्या मार्चमध्ये सैनिक त्यांना शोधत त्यांच्या बर्लिनच्या घरी आले होते. ते एका परिषदेसाठी स्वित्झर्लंडला गेले होते म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी जे केले ते एखादा संख्याशास्त्रज्ञच करील. त्यांनी मोजायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९१८ पासून देशात झालेल्या राजकीय खुनांची, न्यायालयीन कागदपत्रे आणि वर्तमानपत्रे चाळून, एकेक नोंद त्यांनी केली. १९२२ मध्ये ‘चार वर्षांतील राजकीय खून’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक आले. उजव्यांनी केलेले खून ३५४. त्यांपैकी ३२६ ना कसलीच शिक्षा नाही. डाव्यांनी केलेले २२. त्यांपैकी बिनशिक्षेचे चार. उजव्या खुन्यांपैकी एकालाही देहदंड नाही, डाव्यांपैकी दहा जणांना. एका खुनामागे तुरुंगवासाची सरासरी काढली तर उजव्यांसाठी चार महिने आणि डाव्यांसाठी पंधरा वर्षे. पुस्तकात आक्रोश फारसा नाही, तक्ते आहेत. न्यायमंत्री गुस्ताफ राडब्रूख यांनी चौकशी लावली. मंत्रालयाला हे आकडे मूलतः बरोबर आढळले. तो सरकारी अहवाल छापायला सरकारकडे पैसे नव्हते. शेवटी तो गुंबेल यांनीच १९२४ मध्ये प्रसिद्ध केला.

१९२३ पासून ते हायडेलबर्गला संख्याशास्त्र शिकवत होते. हे विद्यापीठ त्या काळी उदारमतवादी म्हणून ओळखले जाई. तिथेच नोबेल पारितोषिकविजेते फिलिप लेनार्ट होते. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउ यांचा खून झाला तेव्हा त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी लेनार्टनी आपली प्रयोगशाळा बंद ठेवायला आणि ध्वज उतरवायला नकार दिला. कामगार आणि विद्यार्थी आत घुसले, शहरात गोंधळ झाला. लेनार्ट थोड्याच काळात पदावर परतले आणि १९३१ मध्ये वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले.

२६ जुलै १९२४ रोजी, महायुद्धाच्या आरंभाला दहा वर्षे होत असताना, हायडेलबर्गमध्ये युद्धविरोधी सभा झाली. अध्यक्षस्थानी गुंबेल होते. मृतांसाठी दोन मिनिटे शांत उभे राहण्याचे आवाहन करताना, हे लोक अप्रतिष्ठेच्या रणभूमीवर पडले असे मी म्हणत नाही, पण त्यांनी भयानक रीतीने प्राण गमावले, अशा आशयाचे वाक्य त्यांच्या तोंडून गेले. ‘अप्रतिष्ठा’ हा शब्द पुरेसा होता. तत्त्वज्ञान विद्याशाखेने त्यांना निलंबित करून चौकशी नेमली. चौकशी समितीत कार्ल यास्पर्स होते. त्यांनी वर्षभरापूर्वीच ‘विद्यापीठाची कल्पना’ या विषयावर पुस्तक लिहिले होते, आणि गुंबेल यांची मते न पटतासुद्धा अध्यापनाच्या अधिकाराच्या प्रश्नावर ते त्यांच्या बाजूने उभे राहिले.

१९२५ मध्ये विद्याशाखेने निर्णय दिला. अधिकार काढून घेतला नाही. मात्र गुंबेल हे व्यक्ती म्हणून कसे अप्रिय आहेत आणि त्यांचे आपल्यात असणे कसे क्लेशकारक आहे, हे ठरावात लिहून तो छापून इतर विद्यापीठांना पाठवला. या दस्तऐवजाचे चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. गुंबेल यांचे आकडे चुकीचे आहेत असे त्यात कोणी म्हणत नाही. त्यांची मते हा त्यांचा प्रश्न, असेही उदारपणे मान्य होते. आक्षेप वृत्तीला, अभिरुचीला, संस्थेच्या प्रतिष्ठेला पोचलेल्या धक्क्याला आहे. मत आणि वर्तन असा भेद एकदा केला की कोणत्याही मताला वर्तन म्हणून शिक्षा करता येते, आणि मतस्वातंत्र्य अबाधित असल्याचे समाधानही राखता येते. ही युक्ती हायडेलबर्गबरोबर संपली असे मला वाटत नाही.

१९३० मध्ये बाडेनच्या समाजवादी शिक्षणमंत्र्याने गुंबेल यांना प्राध्यापक ही पदवी दिली. नाझी विद्यार्थी संघटनेला आयते निमित्त मिळाले. निदर्शने, विद्यापीठात पोलीस, मंत्रालयाने विद्यार्थी-मंडळ बरखास्त करणे असे सारे त्या हिवाळ्यात घडले. इथे चित्र आरोन्स प्रकरणाच्या नेमके उलटे झाले होते: सरकार अध्यापकाला राखू पाहत होते आणि त्याला घालवण्याचा रेटा विद्यापीठाच्या आतून येत होता. मे १९३२ मध्ये एका छोट्या समाजवादी विद्यार्थी बैठकीत गुंबेल म्हणाले की युद्धाचे स्मारक म्हणून हाती विजयाची डहाळी घेतलेली झिरझिरीत वस्त्रांतली कुमारी नको, एक मोठा सलगमसारखा कंद उभारावा. १९१६-१७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात जर्मनी तो कंद खाऊन जगला होता. ज्यांच्या घरी त्या हिवाळ्यात माणसे दगावली त्यांना हे स्मारक बहुधा कळले असते. विद्याशाखेला ते हुतात्म्यांचा अपमान वाटले. नवी चौकशी झाली, विद्याशाखेने अधिकार काढून घेण्याची मागणी केली, आणि आता मंत्रालयानेही ती मान्य केली. दोन्ही प्रसंग वर्गाबाहेरचे होते. वर्गात ते संख्याशास्त्र शिकवत.

हे करणारे बहुसंख्य प्राध्यापक नाझी नव्हते. त्यांनी विद्यापीठाला एक कुल मानले होते आणि कुलाची अब्रू राखणे हे आपले काम समजले होते. सत्य शोधणे हे विद्यापीठाचे प्रयोजन असेल तर ३५४ आणि २२ या दोन आकड्यांविषयी कायद्याच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या अध्यासनांवरून काहीतरी निघायला हवे होते. ते काम एका बिनपगारी व्याख्यात्याने स्वतःच्या वेळात केले, आणि विद्याशाखेने आपला वेळ त्याच्या एका विशेषणावर खर्च केला. स्वायत्तता हा शब्द आपण आपल्याकडेही सरसकट विद्यास्वातंत्र्याच्या अर्थाने वापरतो. संस्थेला तिचा कारभार करू देणे आणि संस्थेतल्या माणसाला त्याचे म्हणणे मांडू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायडेलबर्गने १९३२ मध्ये आपली स्वायत्तता पुरेपूर वापरली.

पुढचे सर्वज्ञात आहे. ७ एप्रिल १९३३ चा सरकारी नोकरांसंबंधीचा कायदा झाला आणि ज्यू व विरोधक अध्यापकांची हकालपट्टी सुरू झाली. ग्यॉटिंगेनच्या जेम्स फ्रांक यांना महायुद्धातील सैनिक म्हणून सूट होती. त्यांनी निषेधार्थ राजीनामा दिला, तर त्यांच्याच विद्यापीठातील ४२ अध्यापकांनी त्या राजीनाम्याचा धिक्कार करणारे पत्रक काढले. मे महिन्यात फ्रायबुर्गचे नवे कुलगुरू मार्टिन हायडेगर यांनी आपल्या भाषणात जुने विद्यास्वातंत्र्य खोटे असल्याचे सांगून त्याला विद्यापीठाबाहेर काढल्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये नागरिकत्व काढून घेतलेल्यांची पहिली यादी आली, तीत ३३ नावे होती. हाइनरिश मान, फॉइख्टवांगर, टुखोल्स्की, आणि गुंबेल.

गुंबेल तेव्हा फ्रान्समध्ये होते. तिथे लियाँला त्यांनी कमाल मूल्यांच्या संख्याशास्त्रावर काम सुरू केले: नेहमीचे नव्हे, तर टोकाचे, क्वचित घडणारे कसे मोजावे. १९३८ मध्ये परागंदा जर्मन अभ्यासकांच्या लेखांचा ‘मुक्त विद्या’ या अर्थाच्या नावाचा संग्रह त्यांनी संपादित केला. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ते अमेरिकेत पोचले आणि पुढल्याच वर्षी नदीच्या पुरांच्या पुनरावृत्तीकालावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. कोलंबिया विद्यापीठात ते शिकवत होते, पण पूर्ण वेळेचे अध्यासन त्यांना मिळाले नाही.

युद्धानंतर हायडेलबर्ग पुन्हा उघडले. पत्नी ज्यू म्हणून १९३७ मध्ये काढले गेलेले यास्पर्स पदावर परतले आणि १९४६ मध्ये विद्यापीठाच्या कल्पनेवर त्यांनी नव्याने पुस्तक लिहिले. गुंबेल यांना विद्यापीठाने परत बोलावले नाही. ते १९६६ च्या सप्टेंबरात न्यू यॉर्कमध्ये वारले.