गळती गृहीत धरलेली भिंत

बाहेर दगडाची, धातूची किंवा भाजक्या मातीची पाटी, तिच्यामागे इंचभर किंवा थोडी अधिक मोकळी जागा आणि त्यामागे खरी भिंत. जागोजागी उंच इमारतींना चढवलेल्या हवेशीर क्लॅडिंगची रचना मुळात एवढीच असते. ती नव्या तंत्रज्ञानाचा नमुना म्हणून विकली जाते, पण तिचा इतिहास पाहिला तर यात नवं फारसं काही नाही. ही कल्पना पुन्हा पुन्हा सापडली आणि पुन्हा पुन्हा विसरली गेली. याचं कारण मला तांत्रिक वाटत नाही. पाणी आत येणारच, हे कबूल करून बांधलेली ही भिंत आहे, आणि बांधणाऱ्याला व विकत घेणाऱ्याला नेमकी तीच कबुली जड जाते.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गनला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रत्नागिरीकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथला पाऊस बारमाही आहे आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्या देशातल्या शेतकऱ्यांनी लाकडी कोठारांच्या बाहेरच्या फळ्यांचे सांधे उघडेच ठेवले. फळ्यांमागे शिरलेलं पाणी खाली निथळून जाई आणि उरलेली ओल वारा वाळवी. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झडी बांधतात, त्यामागचा हिशेब फार वेगळा नाही. पावसाचा मारा बाहेरच्या पडद्याने घ्यावा आणि भिंतीने कोरडं राहावं. या जुन्या शहाणपणाला शास्त्राची भाषा मिळायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. १९६२ साली नॉर्वेच्या ओइविंद बिर्केलँड यांनी पाऊस अडवणारा थर आणि वारा अडवणारा थर वेगळे ठेवावेत, असं मांडलं. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले कर्बी गार्डन यांनी त्याची कारणमीमांसा केली. भिंतीतून पाणी आत यायला तीन गोष्टी लागतात: भिंतीवर पाणी, भिंतीत फट आणि त्या फटीतून पाणी ढकलणारा जोर. पाऊस थांबवता येत नाही आणि प्रत्येक फट कायमची बुजवणं कोणालाच जमलेलं नाही. उरतो तो जोर. बाहेरच्या पडद्यामागच्या पोकळीत बाहेरइतकाच हवेचा दाब राहिला, तर वाऱ्याला पाणी आत रेटता येत नाही. मात्र त्यासाठी आतली भिंत हवाबंद हवी आणि पोकळीचे कप्पे पाडलेले हवेत. पिट्सबर्गच्या अल्कोआ इमारतीवर उघड्या सांध्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रे त्याआधी दहा वर्षं, १९५३ सालीच, बसले होते. म्हणजे शेतकऱ्यांप्रमाणे कारखानदारही शास्त्रज्ञांच्या पुढेच होते.

मग या ज्ञानाचं झालं काय? १९८०-९०च्या दशकांत त्याच कॅनडाच्या व्हँकुव्हर परिसरात लाकडी सांगाड्याच्या तीन-चार मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. वळचण जवळजवळ नाहीच, आणि सांगाड्यावर थेट गिलावा. रूप उन्हाळी कॅलिफोर्नियाचं, पाऊस मात्र व्हँकुव्हरचा. खिडक्यांच्या कडेने पाणी शिरलं, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि दहा-पंधरा वर्षांच्या आत लाकूड कुजलं. १९९८ मध्ये प्रांताचे माजी प्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. दुरुस्तीचा खर्च अब्जावधी डॉलरांचा होता आणि तो बराचसा सदनिकाधारकांच्याच माथी आला. बांधकाम व्यवसायाची बाजू अशी होती की, दोष ऊर्जाबचतीच्या नियमांचा आहे: आतून प्लास्टिकचा पडदा आणि भरगच्च इन्सुलेशन आल्यामुळे भिंती वाळेनाशा झाल्या. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जुन्या भिंतीही गळत होत्या, पण त्यांतून हवाही फिरत होती, म्हणून त्या तगल्या. तरीही पाणी येत होतं ते बाहेरूनच. वाळण्याची आयती वाट नियमाने बंद केली असेल, तर दुसरी वाट जाणूनबुजून द्यायला हवी होती, आणि ती कशी द्यायची हे ओटावातल्या त्याच संशोधन परिषदेकडून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच छापून झालं होतं. पण पोकळी विक्रीच्या माहितीपत्रकात दिसत नाही, तिच्यापायी खर्च मात्र वाढतो. शिवाय ‘आमची भिंत गळेल, पण चालेल’ असं ग्राहकाला कोण सांगणार? आपल्याकडचा वॉटरप्रूफिंगवालाही दर पावसाळ्याआधी भेगा बुजवण्याचंच काम घेतो. न्यूझीलंडने त्याच सुमारास जवळपास हीच चूक केली. पोकळी नियमात आली ती घरं कुजल्यावर.

याहून गंभीर आक्षेप आगीचा आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. नव्या क्लॅडिंगचं काम आदल्याच वर्षी संपलं होतं. पोकळी ओल वाळवते, तशीच ती ज्वाळांना धुराड्यासारखी वर खेचते, तेव्हा ही कल्पनाच टाकून द्यावी, असं कोणी म्हटलं तर त्याला झटकून टाकता येणार नाही. मात्र चौकशीच्या पहिल्या अहवालाने आग पसरण्याचं मुख्य कारण पॉलिथिनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे हेच ठरवलं. पत्र्यांतच जळण भरलेलं होतं. मागचं इन्सुलेशनही ज्वलनशील होतं आणि पोकळी तोडणारे अग्निरोधक पट्टे नीट बसवलेले नव्हते. न जळणाऱ्या दगडामागची पोकळी आणि पॉलिथिनमागची पोकळी एकाच तराजूत घालणं मला पटत नाही. पण पोकळी निर्दोष आहे असंही नाही. पाणी निथळून ओल वाळायला ती खालपासून वरपर्यंत मोकळी हवी, तर आगीसाठी मजल्यामजल्याला तोडलेली. या दोन मागण्यांचा पूर्ण मेळ अजून कोणी घातलेला नाही. इंग्लंडने २०१८च्या अखेरीस १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी घातली. पोकळीसाठी आता एरवी हवा जाऊ देणारे आणि उष्णता लागताच फुगून वाट बंद करणारे पट्टे वापरतात. ते पाट्या चढवण्याआधी, प्रत्येक मजल्यावर, एकही फट न सोडता बसवावे लागतात, आणि एकदा पाट्या चढल्या की ते तसे बसले की नाही, हे क्लॅडिंग उतरवल्याशिवाय नीट तपासता येत नाही.