सड्यावरचा वारा कोणाचा?

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीला चढले, की जांभ्याचा उघडा सडा लागतो. ऐन पावसाळ्यात इथे छत्री टिकत नाही. धुके असे दाटते, की पवनचक्कीच्या बुडाशी उभे राहूनही पाते दिसत नाही. डोक्यावरून जाणारा त्याचा आवाज तेवढा कळतो.

महाराष्ट्रात पवनवीज आधी आली ती कोकणात, 1986 साली देवगडला, प्रयोग म्हणून. सातारा-सांगलीचे सडे आणि डोंगरमाथे भरू लागले ते राज्याने 1998 मध्ये सवलतींचे धोरण आणल्यावर. प्राप्तिकरात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा मिळे, त्यामुळे विजेच्या धंद्याशी संबंध नसलेले कारखानदारही कर वाचवण्यासाठी चक्क्या घेऊ लागले. कोयना जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर सुझलॉनच्या 350 किलोवॉटच्या शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या. सांगलीकडे ढालगाव आणि गुढे-पाचगणीचे माथेही फिरू लागले. 2003 मध्ये वीज नियामक आयोगाने युनिटला साडेतीन रुपये दर ठरवून दिला, वर दरसाल 15 पैशांची वाढ.

गुंतवणूकदाराची काळजी अशी पैशा-पैशापर्यंत घेतली गेली. माळ ज्यांचा, त्यांचा हिशेब मात्र धोरणात नव्हता.

त्याच सुमारास दुष्काळ पडला. कवठेमहांकाळ, जत, आटपाडीत टँकर फिरत होते आणि गावोगाव एकच बोलणे होते: चक्क्या ढग पळवतात. शास्त्राला हे मान्य होण्यासारखे नव्हते. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख, पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीपासून अवर्षणाचा. पण त्याला नुसते अडाणीपण म्हणणे अन्यायाचे होते. जमीन पडीक म्हणून स्वस्तात गेलेली, वीज ग्रीडमधून परस्पर बाहेर जाणारी; अशा यंत्रावर गावाने विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारे? भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने डोंगरी गावांच्या मोबदल्याचा प्रश्न लावून धरला, तो याच असंतोषातून.

वस्ती, शाळा, आरोग्य केंद्रासाठी काही किलोवॉटचे पवन-सौर संच बसवायलाही सरकारी अनुदान होते. गावाच्या उपयोगाची पवनवीज तीच. पण तिच्यामागे करसवलतीसारखी ताकद कधी उभी राहिली नाही.

केंद्राने 2016 मध्ये एक मेगावॉटपर्यंतच्या जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवण्याचे धोरण आणले. वनकुसवड्याची यंत्रे त्यात बसतात. रस्ते, जमिनी, करार यांची बोलणी पुन्हा होतील तेव्हा ग्रामसभेला पहिल्या बैठकीपासून बोलावले पाहिजे, आणि उत्पन्नातला गावाचा वाटा करारातच लिहून घेतला पाहिजे.