तनाग्राच्या मृण्मूर्ती आणि उतरवलेले रंग

प्राचीन ग्रीक शिल्पांवरील रंगांचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा संगमरवराभोवतीच फिरते. योहान विंकेलमान यांच्या १७६४ मधील ग्रंथाने शुभ्र संगमरवराला सौंदर्याचा आदर्श म्हणून प्रतिष्ठा दिली. कात्रमेर द कँसी यांनी १८१४ मध्ये बहुरंगी शिल्पाची बाजू मांडली. पुढे १९३७-३८ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने घासून ‘स्वच्छ’ करण्यात आली. हा सारा इतिहास आता कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मात्र वीतभर उंचीच्या, मातीच्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या लहान मूर्तींचे काय झाले, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः ‘जुना रंग काढणे’ या वरवर साध्या वाटणाऱ्या कृतीत किती गुंतागुंत असते, हे या लहान मूर्तींच्या इतिहासातूनच अधिक स्पष्टपणे कळते. प्रस्तुत लेखात ग्रीसमधील तनाग्रा येथील मृण्मूर्तींच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

तनाग्रा हे बिओशिया प्रांतातील थीब्ज नगरीच्या पूर्वेस वसलेले प्राचीन गाव. १८७० च्या सुमारास तेथील शेतांमध्ये प्राचीन थडगी उघडी पडू लागली आणि त्यांतून चक्राकार वस्त्र लपेटलेल्या, पंखा घेतलेल्या, टोपी घातलेल्या स्त्रियांच्या सुबक मूर्ती बाहेर आल्या. अल्पावधीतच त्या प्रदेशात थडगी फोडण्याचा व्यवसाय सुरू झाला. हजारो थडगी कोणत्याही नोंदीविना उकरली गेली. अथेन्सच्या पुरातत्त्व संस्थेने १८७४ मध्ये पानायोतिस स्तामाताकिस यांच्या देखरेखीखाली रीतसर उत्खनन हाती घेतले, तेव्हा दफनभूमीचा मोठा भाग आधीच लुटला गेला होता. कोणती मूर्ती कोणत्या थडग्यातील, ती पुरुषाच्या शेजारी ठेवली होती की बालकाच्या, या प्रश्नांची उत्तरे त्या लुटीबरोबर नष्ट झाली. राहिली ती केवळ मूर्ती, आणि तिच्या अंगावर जे काही उरले होते ते.

अंगावर काय उरले होते हे समजण्यासाठी या मूर्तींची घडण पाहावी लागते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या आणि तिसऱ्या शतकांत या मूर्ती साच्यांतून काढल्या जात. दर्शनी भागाचा साचा बारकाव्यांचा असे. पाठीकडचा भाग पुष्कळदा साधाच असून त्यात भाजताना वाफ बाहेर पडावी म्हणून चौकोनी अथवा गोल छिद्र ठेवलेले असे. मस्तक स्वतंत्र साच्यातून काढून ओल्या मातीने जोडीत. एकाच साच्यातील दोन धडांना निरनिराळी मस्तके लावली, हात वेगळ्या प्रकारे बसवले, की दोन निराळ्या मूर्ती तयार होत. जोडकाम झाल्यावर संपूर्ण मूर्तीस पांढऱ्या मातीचा पातळ लेप देऊन ती भाजत. रंग मात्र भाजल्यानंतर लावीत. गेरू, पिवडी, काजळी, मंजिष्ठेच्या मुळापासून केलेला गुलाबी आणि ‘इजिप्शियन निळा’ या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम निळा ही त्यांतील नेहमीची रंगद्रव्ये होत. क्वचित सोन्याचा वर्खही लावलेला आढळतो.

भाजल्यानंतर रंग लावण्याची ही पद्धतच पुढील सर्व अनर्थाचे मूळ ठरली. भट्टीत पक्का झालेला रंग मातीशी एकजीव होतो. येथे तसे घडत नाही. रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ शतकानुशतके जमिनीत राहून नाहीसा होतो, आणि रंगाचे कण पांढऱ्या लेपावर जेमतेम टेकून राहतात. तो लेपही पुष्कळदा मातीपासून सुटलेला असतो. अशा मूर्तीवर बोट फिरवले तरी रंग बोटाला लागतो.

या कारागिरांना समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती. आयसोक्रेटिस या अथेन्सच्या वक्त्याने, आपल्याला सामान्य लेखनकारांच्या पंक्तीत बसवणे म्हणजे फिडियससारख्या शिल्पकाराला बाहुल्या करणारा म्हणण्यासारखे आहे, अशा आशयाचा युक्तिवाद केला होता. ज्यांचा उल्लेख उपहासासाठीच व्हायचा, त्यांच्या रंगकामाविषयी कोणी काही लिहून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. संगमरवरी पुतळ्यांबाबत निदान प्लिनीची साक्ष आहे. निकियस या चित्रकाराचा हात ज्या पुतळ्यांना लागला तेच प्रॅक्सिटेलीसला आपल्या कृतींपैकी अधिक आवडत, असे तो सांगतो. मृण्मूर्तींच्या बाबतीत मूर्तीवर शिल्लक असलेला रंग हाच जवळजवळ एकमेव दस्तऐवज आहे.

या दस्तऐवजाची पहिली हानी केली ती पाण्याने. थडग्यातून निघालेली मूर्ती मातीने आणि चुन्याच्या कठीण पुटांनी माखलेली असते. ती विकायची तर चेहरा दिसला पाहिजे, म्हणून ती धुतली जाई. पुट न निघाल्यास सौम्य आम्ल वापरीत किंवा ते खरवडीत. मातीबरोबर रंग गेला, पुष्कळदा पांढरा लेपही गेला. हे सर्व लुटारूंच्याच माथी मारणे मात्र न्याय्य ठरणार नाही. भाजलेल्या मातीच्या वस्तूंतील क्षार काढण्यासाठी त्या दीर्घकाळ पाण्यात भिजवून ठेवणे ही संग्रहालयांतीलही एके काळची मान्य पद्धत होती. क्षारांमुळे मूर्तीचा पृष्ठभाग फुटतो हे निदान बरोबर होते. उपचाराने मात्र आजार आणि पुरावा दोन्ही एकदमच नाहीसे केले.

त्यानंतर बाजाराने आपले काम सुरू केले. १८७८ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात तनाग्राच्या मूर्ती मांडल्या गेल्या आणि युरोपातील सुखवस्तू घरांत त्यांची एकच हौस पसरली. देवदेवतांच्या भव्य पुतळ्यांपेक्षा या चालत्याबोलत्या, समकालीन पॅरिसच्या स्त्रियांसारख्या भासणाऱ्या आकृती लोकांना जवळच्या वाटल्या. ऑस्कर वाइल्डने आपल्या एका नाटकातील तरुणीचे वर्णन करताना तनाग्राच्या मूर्तीची उपमा वापरली, यावरून ही हौस किती रुळली होती हे कळते. मागणी वाढताच भंगलेल्या मूर्तींची डागडुजी सुरू झाली. एकीचे मस्तक दुसरीच्या धडाला बसवून सांध्यावर गिलावा केला जाई, त्यावर नवा पांढरा लेप आणि नवा रंग चढवला जाई, आणि शेवटी जुनेपणा यावा म्हणून थोडी माती फासली जाई. संपूर्णपणे बनावट मूर्तीही मोठ्या संख्येने बाजारात आल्या. १८८० नंतर आशिया मायनरमधील म्हणून विकले गेलेले अनेक मूर्तींचे पौराणिक समूह तर बहुतांशी बनावटच होते.

या पुनर्रंगकामाची एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. बनावट रंग बहुधा फिकट असत: विटलेला गुलाबी, धूसर आकाशी. ग्रीकांची अभिरुची नाजूक आणि संयत होती अशी ग्राहकाची समजूत, आणि व्यापारी ग्राहकाच्या समजुतीप्रमाणे रंगवणार. लूव्ह्र संग्रहालयातील ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या मूर्तीवर मात्र गडद निळा आणि सोन्याचा वर्ख टिकून आहे. ती पाहिल्यावर फिकेपणा हा ग्रीक अभिरुचीचा गुण नसून जमिनीत गेलेल्या दोन हजार वर्षांचा परिणाम होता, हे मान्य करावे लागते. ज्याँ-लेऑन जेरोम या फ्रेंच कलावंताला हे उमगले असावे. त्याने १८९० मध्ये ‘तनाग्रा’ नावाचे संगमरवरी शिल्प रंगवून प्रदर्शित केले आणि १८९३ मधील एका चित्रात लहान मूर्ती रंगवीत बसलेली ग्रीक तरुणी दाखवली.

विसाव्या शतकात संग्रहालयांनी आपल्याकडील मूर्तींची झाडाझडती घेतली आणि रंग काढण्याचे दुसरे पर्व सुरू झाले. हेतू या वेळी शुद्ध होता: व्यापाऱ्याने चढवलेला थर काढून मूळ मूर्ती पाहणे. परंतु मूळचा रंग पाण्याला भितो, आणि वरचा डिंकाचा अथवा सरसाचा रंग पुष्कळदा पाण्यानेच सुटतो. जे द्रावण एकाला लागू पडते तेच दुसऱ्याला मारक ठरते. म्हणून हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, कापसाच्या बोळ्याने किंवा धारदार पात्याने, तांदळाच्या दाण्याएवढ्या क्षेत्रावर करावे लागते. कधी सांध्यावरचा रंग निघताच मस्तक धडापासून अलग होते, आणि इतकी वर्षे सूचीत एक क्रमांक घेऊन बसलेली मूर्ती म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या मूर्तींचे तुकडे होते असे उघड होते. प्रशियन निळा हे रंगद्रव्य अठराव्या शतकाच्या आरंभीचे, कृत्रिम अल्ट्रामरिन १८२८ च्या सुमाराचे. ही द्रव्ये आढळली की थर आधुनिक हे सिद्ध होते. त्याखाली काही आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. कित्येकदा प्राचीन रंगाचे उरलेसुरले कण या बनावट थराच्या आडोशानेच वाचलेले असतात.

मग वरचा थर काढावा की राहू द्यावा? १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या अकराव्या कलमात वास्तूंच्या संदर्भात सर्व कालखंडांच्या भर घालण्याचा आदर करावा, आणि जे काढायचे ते नगण्य व जे उघड होणार ते अत्यंत मोलाचे असेल तेव्हाच खालचा थर उघडा करावा, असे तत्त्व सांगितले आहे. तत्त्व चांगले आहे, पण नगण्य कोणते हे ठरवणार कोण? मराठी वाचकाला येथे शेंदराच्या खोळीचे स्मरण होईल. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर २०२२ मध्ये काढण्यात आले आणि खालचे रूप दिसू लागले. तेथील प्रत्येक थर हा पूजेचा भाग होता. त्यात कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. तनाग्राच्या मूर्तीवरील दुसरा थर विक्रीसाठी आणि फसवणुकीसाठी चढवला गेला. दोहोंना एकच नियम लावता येणार नाही. असे असले तरी फसवणुकीचा थर हाही एकोणिसाव्या शतकातील अभिरुचीचा, व्यापाराचा आणि कारागिरीचा पुरावा आहे. तो काढायचा असेल तर आधी त्याची संपूर्ण नोंद झाली पाहिजे, आणि त्याचा एखादा तुकडा मूर्तीवर तसाच राखला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अलीकडे हा पेच काहीसा सैल झाला आहे. इजिप्शियन निळ्यावर दृश्य प्रकाश टाकला असता तो अवरक्त किरण बाहेर टाकतो; डोळ्यांना मुळीच न दिसणारा एखादा कणही विशिष्ट कॅमेऱ्यात पांढऱ्या ठिणगीसारखा चमकतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत पुरातन वस्तूंच्या तपासणीत रुळली. मंजिष्ठेचा गुलाबी अतिनील प्रकाशात नारिंगी झाक देऊन प्रकाशतो. मूर्ती केव्हा भाजली गेली याचा अंदाज ऊष्मादीप्तीच्या चाचणीने बांधता येतो, पण त्यासाठी थोडी माती कोरून काढावी लागते. रंगांच्या तपासणीत मूर्तीला स्पर्शही होत नाही. लूव्ह्रने २००३ मध्ये तनाग्राच्या मूर्तींचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा खऱ्या मूर्तींबरोबर त्यांच्या दंतकथेचा आणि बनावटीचा इतिहासही मांडला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडील संदर्भात या विषयाचे मोल तेरसारख्या स्थळी जाणवते. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर. तेथील सातवाहनकालीन केओलिनच्या मृण्मूर्ती दुहेरी साच्यांतून काढलेल्या, आतून पोकळ आहेत, आणि या तंत्राचा संबंध काही अभ्यासकांनी भूमध्यसागरी प्रदेशाशी झालेल्या संपर्काशी जोडला आहे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय संग्रहालयात त्या पाहता येतात. अशा पोकळ, फिकट पृष्ठभागाच्या लहान मूर्तींची केशरचना, कर्णभूषणे आणि वस्त्राच्या चुण्या यांच्या खाचांत साठलेली माती सहज धुऊन टाकण्याजोगी वाटते. ती धुण्यापूर्वी भिंगाखाली पाहावी, वर सांगितलेल्या दोन्ही प्रकाशांत तिचे छायाचित्र घ्यावे, आणि काढलेली माती मूर्तीच्या क्रमांकासह एखाद्या कुपीत ठेवावी. याला फारसा खर्च येत नाही.