कंट्रोल-डब्ल्यूचा वारसा

विंडोजवर ब्राउझरचा टॅब कंट्रोल-डब्ल्यूने बंद होतो, तसाच कंट्रोल-एफ४नेही होतो. एकाच कामाला दोन शॉर्टकट कशाला, याचं उत्तर टॅब जन्माला येण्याआधीच्या काळात आहे. आयबीएमने १९८७ साली ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ ही नियमावली काढली आणि विंडोजने तिच्यातलं बरंच काही उचललं. त्या रिवाजात ऑल्ट-एफ४ने अख्खा प्रोग्राम मिटे, कंट्रोल-एफ४ने त्याच्या पोटातली एकच विंडो. मॅकिंटॉशवर कमांड आणि अक्षर अशी जोडी रूढ होती. तिथे समोरची विंडो डब्ल्यूने बंद होई. ‘नेटकॅप्टर’, मग मोझिला, २००४ साली फायरफॉक्स १.० आणि २००६ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ७ अशा वाटेने टॅब सर्वांपर्यंत पोचले, तेव्हा त्यांच्या वाट्याला दोन्ही घराण्यांची मिळकत आली. वेळ वाचवण्याची युक्ती म्हणून आज जे शॉर्टकट शिकवले जातात, त्यांतले बरेचसे टॅबसाठी कुणी आखलेलेच नव्हते. वारशाबरोबर भांडणंही येतात. युनिक्सच्या टर्मिनलवर कंट्रोल-डब्ल्यूने मागचा एक शब्द खोडला जातो. त्या सवयीचा माणूस ब्राउझरमध्ये लिहायला बसला, की शब्दाऐवजी सगळं पानच जातं.

यावर कुणी म्हणेल, नवा टॅब उघडणारा कंट्रोल-टी तर मुद्दाम ठरवलेला दिसतो. मान्य. बंद केलेला टॅब परत आणणारा कंट्रोल-शिफ्ट-टीही तसाच. फायरफॉक्समध्ये ही सोय २००६ साली दुसऱ्या आवृत्तीत आली. पण हा दुसरा शॉर्टकट घाईत झालेली चूक निस्तरण्यासाठी आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचा तोच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ॲपलमधले ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ साली लिहिलं, की लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण घड्याळ लावून पाहिलं तर माउसच जिंकतो, कारण कोणतं बटण दाबायचं हे आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या ध्यानातच येत नाही. हे आठवावं लागणाऱ्या शॉर्टकटबद्दल खरं असेल. बोटांत आधीच मुरलेल्या शॉर्टकटला ते लागू पडत नाही, आणि इथेच वारसा कामी येतो: दस्तऐवज बंद करणारी बोटं वेगळं काही न शिकता टॅब बंद करू लागली. नवं शिकण्याची लोकांना हौस नसतेच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्डचे अनुभवी वापरकर्तेही बहुधा चित्रांवरच क्लिक करताना आढळले होते. ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं. कंट्रोल-टॅबने टॅब ओळीने न येता, ऑल्ट-टॅबप्रमाणे नुकताच पाहिलेला आधी यावा, असा बदल फायरफॉक्सने २०१८ साली ६३व्या आवृत्तीत केला. पण तो फक्त नव्या प्रोफाइलांपुरता. जुन्या प्रोफाइलांत टॅब पहिल्यासारखेच ओळीने येत राहिले.