हायब्रिड ड्राइव्ह की एसएसडी? आवाज साठवण्याची छोटी गोष्ट

17 सप्टेंबर 1948 ला निजामानं हार मानली आणि नांदेड-लातूरकडचा आपला मुलूख मोकळा झाला. तेव्हा पंधरा वर्षांची असलेली पोरं आज नव्वदी ओलांडून गेलीत. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, तर ठेवायच्या कशावर?

1956 मध्ये आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली. 50 तबकड्या, त्यावर 50 लाख अक्षरं. आज 48 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण 17 एमबी लागतात. म्हणजे ते कपाटाएवढं यंत्र पंधरा सेकंदांत भरलं असतं!

2010 मध्ये सीगेटची मोमेंटस एक्सटी आली. 500 जीबीपर्यंतची फिरती डिस्क आणि जोडीला 4 जीबी फ्लॅश. पुन्हा पुन्हा लागणारा डेटा ती फ्लॅशमध्ये ठेवायची, त्यामुळे कॉम्प्युटर पटकन सुरू व्हायचा. पण आपली मुलाखत दरवेळी नवी. तिला या युक्तीचा फायदा जवळपास नाहीच.

नुसत्या रेकॉर्डिंगला साधी डिस्कही पुरते. पण एडिटिंगला अनेक ट्रॅक एकदम उघडले की एसएसडीच बरी. शिवाय माइकजवळ तिची घरघर नाही. म्हणून काम मी एसएसडीवर करतो.

जपणूक मात्र वेगळी. वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर एसएसडीतला डेटा जाऊ शकतो. म्हणून पक्क्या प्रती दोन साध्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि अधूनमधून उघडून तपासा. एक नांदेडात, एक लातुरात. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आठवली, की दोन गावं कशाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.