झुंजीचा सूत्रधार

इ. स. १९०६ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील नेव्हाडा प्रांतांत गोल्डफील्ड नांवाच्या खाणीच्या गांवीं एका बँकेच्या खिडकींत सोन्याच्या नाण्यांची रास मांडून ठेविलेली होती. रक्कम तीस हजार डॉलर. येणारा-जाणारा थबकून ती पाही, आणि दुसऱ्या गांवीं जाऊन सांगे. ही युक्ति ज्याची, तो जॉर्ज ऊर्फ 'टेक्स' रिकार्ड हा मद्यगृहाचा मालक. पूर्वीं टेक्सासमधील एका गांवचा मार्शल, मग अलास्काच्या बर्फांत सोन्यामागें धांवलेला, आणि जुगारांत मिळविलेलें जुगारांतच घालविलेला असा हा गृहस्थ. एवढें मोठें मुष्टियुद्ध भरविण्याचा त्याला अनुभव नव्हता. गांवाचें नांव वर्तमानपत्रांत यावें आणि खाणींचे शेअर खपावे, एवढाच सर्वांचा हेतु होता.

परंतु त्या खिडकीनें एका धंद्याचा पाया घातला. मुष्टियोद्धे तोंवर आयोजकांच्या शब्दावर विश्वास ठेवून फसत आलेले होते. येथें पैसा डोळ्यांसमोर होता. ३ सप्टेंबर रोजीं जो गॅन्स आणि 'बॅटलिंग' नेल्सन यांची झुंज बेचाळीस फेऱ्या चालली. नेल्सननें कमरेखालीं ठोसा मारला आणि पंचानें गॅन्सला विजयी ठरविलें. गॅन्स हा विजेतेपदाचा धनी, आणि तोच जिंकलाही. तरी रकमेचा मोठा वांटा अगोदरच नेल्सनच्या नांवें लिहून झालेला होता. गॅन्स कृष्णवर्णीय होता, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

आमच्याकडे जत्रेच्या कुस्त्यांत जोड लावणें हें पंचांचें काम. वजन, वय, तालीम पाहून तोडीस तोड गडी समोर उभा करावा, हा त्यांचा न्याय. रिकार्डचा न्याय निराळा होता. कोण कोणाच्या तोडीचा आहे, यापेक्षां कोणाची कोणाशीं गांठ पडलेली पाहण्यास लोक आतुर आहेत, हें तो अगोदर पाही. २ जुलै १९२१ रोजीं जर्सी सिटी येथें त्यानें जॅक डेम्प्सीसमोर फ्रेंच योद्धा जॉर्जेस कार्पेंतिये यास उभें केलें. कार्पेंतिये देखणा, महायुद्धांत पराक्रम गाजविलेला. डेम्प्सीवर मात्र युद्ध टाळल्याचा खटला झालेला. न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें, पण लोकांनीं सोडलें नव्हतें. एक नायक, एक खलनायक, आणि तोही स्वदेशीय! सुमारें ऐंशी हजार लोक जमले, आणि सतरा लाखांहून अधिक डॉलरांचीं तिकिटें खपलीं. लांकडी मंडप गर्दीनें डोलूं लागला होता. कार्पेंतिये वजनानें हलका. चौथ्या फेरींत तो पडला तो उठला नाहीं. आखाड्यांतल्या जाणत्या पंचानें ही जोड लावलीच नसती. म्हणूनच आयोजक आणि पंच हीं दोन कामें एका हातीं नसावींत असें आम्हांस वाटतें. १९१० सालीं रीनो येथें जॅक जॉन्सन आणि जेफ्रीज यांच्या झुंजींत रिकार्डनें तीं दोन्ही केलीं होतीं.

या रिकार्डचे खरे वारस आज मुष्टियुद्धापेक्षां 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' या नव्या प्रकारांत शोधावे लागतात. ठोसा, लाथ, पकड, गळफांस, सर्वांस मुभा असलेला हा खेळ. त्याचा अमेरिकेंतील जन्म एका प्रश्नांतून झाला: मुष्टियोद्धा, कराटेपटु, सुमो, कुस्तीगीर हे एकमेकांशीं भिडले तर जिंकेल कोण? १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं डेन्व्हर शहरीं आठ जणांना आठ कोनांच्या जाळीदार पिंजऱ्यांत उतरवून हा प्रश्न सोडविण्यांत आला. आर्ट डेव्ही आणि रोरियन ग्रेसी हे त्यामागचे कल्पक. रोरियन ब्राझीलमधील जुजुत्सुच्या घराण्यांतला. आपल्या घराण्याचा प्रतिनिधि म्हणून त्यानें दांडगा भाऊ न निवडतां रॉइस हा सडपातळ भाऊ निवडला. रॉइसनें एका रात्रींत तिघांना शरण आणलें. सडपातळ गड्याचा विजय हीच जाहिरात, हें ज्याला सुचलें, त्याला या धंद्याचें मर्म कळलें होतें.

दुसरी जाहिरात मात्र गळ्याशीं आली. येथें नियम नाहींत, अशी दवंडी आयोजकांनींच पिटली. तीच ऐकून सेनेटर जॉन मॅकेन यांनीं या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटलें. अनेक राज्यांनीं दारें बंद केलीं, केबल कंपन्यांनीं प्रक्षेपण थांबविलें, आणि मूळ कंपनी दिवाळें निघण्याच्या बेतास आली. जानेवारी २००१ मध्यें लास व्हेगासचे फर्टिटा बंधू यांनीं ती वीस लाख डॉलरांस घेतली, आणि कारभार डेना व्हाइट यांच्याकडे दिला. बंधूंपैकीं लोरेन्झो हे पूर्वीं नेव्हाडाच्या क्रीडा-आयोगाचे सभासद होते. त्यांनीं कायद्याला चुकविण्याचा मार्ग सोडला आणि कायद्याच्या दारीं स्वतः जाऊन उभे राहिले: वजनाचे गट, फेऱ्यांची मर्यादा, निषिद्ध डावांची यादी, डॉक्टर. सरकारी शिक्का हा खेळाचा शत्रु नसून त्याचें तिकीट आहे, हें ओळखणें ही या धंद्यांतली सर्वांत मोठी दूरदृष्टि आम्ही समजतों.

तरी पैसा येईना. शेवटीं कंपनीनें स्वतःच्या खर्चानें होतकरू योद्ध्यांची एक दूरचित्रवाणी-मालिका काढली. ९ एप्रिल २००५ रोजीं तिच्या शेवटच्या रात्रीं फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर असे तुटून पडले कीं, निकाल ग्रिफिनच्या बाजूनें लागला असतांही करार दोघांनाही देण्यांत आला. योद्ध्यांचें राहणें-बोलणें आठवडेन्‌आठवडे पाहिलेला प्रेक्षक त्या रात्रीं दोन अनोळखी माणसें पाहत नव्हता. कार्पेंतियेची कथा वर्तमानपत्रांनीं रचली. ही घरोघरच्या पडद्यानें रचली.

जपानमध्यें 'प्राइड' या संस्थेनें १९९७ पासून याहूनही थाटाचे सोहळे केले. परंतु २००६ सालीं गुन्हेगारी टोळ्यांशीं संबंध असल्याचा बोभाटा झाला, फुजी टेलिव्हिजननें अंग काढून घेतलें, आणि पुढल्याच वर्षीं ती संस्था अमेरिकन प्रतिस्पर्ध्याच्या मालकांनीं विकत घेतली.

आतां त्या मोठ्या वांट्याची गोष्ट. रिकार्ड दिलेल्या शब्दाला जागे, यांत संशय नाहीं. १९२७ सालीं शिकागोच्या झुंजीनंतर जीन टनीस पूर्ण दहा लाखांचा एकच चेक हवा होता. कमी पडणारी रक्कम टनीनें स्वतः भरली आणि रिकार्डनें तसा चेक लिहून दिला. पण ज्यांना तो उभेंच करीत नसे, त्यांचें काय? १९१० सालीं जॉन्सन जिंकल्यावर देशभर दंगली उसळून माणसें मेलीं होतीं. त्यानंतर कृष्णवर्णीय हॅरी विल्स डेम्प्सीला आव्हान देत वर्षानुवर्षें थांबला. त्याची पाळी कधींच आली नाहीं. लोकांना काय पाहावयाचें आहे हें ओळखणाऱ्या माणसानें लोकांना काय पाहवणार नाहीं हेंही ओळखलें होतें, आणि त्याच्यापुढें मान तुकविली. दंगलीची भीति खरी होती, हें कबूल. तरी आम्ही त्याला यांतून मोकळा करूं शकत नाहीं. ६ जानेवारी १९२९ रोजीं मायामी बीच येथें रिकार्ड वारला, तेव्हां डेम्प्सी त्याच्या जवळ होता. शव न्यूयॉर्कला त्यानेंच उभारलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें ठेविलें आणि हजारों लोक रांगेनें पाहून गेले.

वीस लाखांस घेतलेली ती पिंजऱ्याची कंपनी २०१६ सालीं सुमारें चारशें कोटी डॉलरांस विकली गेली. त्याआधींच, डिसेंबर २०१४ मध्यें, कांहीं योद्धे न्यायालयांत गेले होते. बाजार एका हातीं घेऊन आमचें मोल पाडलें, ही त्यांची तक्रार. कंपनीनें सदतीस कोटी पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत न्यायाधीशांनीं तिला मान्यता दिली. २०१० ची अखेर ते २०१७ चा मध्य या काळांत पिंजऱ्यांत उतरलेल्या सुमारें अकराशें जणांत ती रक्कम वांटली जावयाची होती.